दुसरं चव्वेचाळीस

कोल्डवॉटर, मोंटाना
३ मे १९८१

प्रिय व्हर्नकाका,

दर नाताळला तुमचं समुद्राच्या चित्राचं कार्ड येतं आणि मी 'सगळं ठीक' एवढं लिहून उलट कार्ड पाठवते. आई गेल्यापासून आपला पत्रव्यवहार तो एवढाच. तेव्हा हे जाड पाकीट बघून कुणी गेलं की काय, असं वाटून घाबरू नका. सगळे जिवंत आहेत. सगळे म्हणजे बाबा आणि मी.

बातमी अशी, की शाळेच्या स्वयंपाकघराला मी रामराम ठोकला. एकोणीस वर्षं दोनशे पोरांना मॅकरोनी वाढली, पुरे झालं. हॅचेट ओढ्याच्या वरच्या अंगाला, आपल्या जुन्या जागेवर, क्लेटन नावाच्या माणसाने शिकाऱ्यांचा तळ पुन्हा उभा केलाय. सप्टेंबरपासून मी तिथे स्वयंपाक करणार आणि खेचरं हाकणार. मी जाऊन जागा बघून आले. आई चूल मांडायची तिथले दगड अजून काळे आहेत. तिथे बसून मी पोटभर रडले आणि मग सोबत नेलेलं सँडविच खाल्लं.

आता कामाचं. मला एक रायफल आणि कमरेला एक रिव्हॉल्वर घ्यायचंय. तळावर मांस लागेल तेव्हा रायफल, आणि खेचरांबरोबर एकटी असेन तेव्हा रिव्हॉल्वर. वर अस्वलं आहेत, आणि पाय मोडलेल्या जनावराला वेदनेतून सोडवायची वेळही कधी येतेच. पण दोन्हींना काडतूस एकच लागलं पाहिजे. एक पेटी, एक पट्टा. 'एका तळावर एकच काडतूस' हे तुम्हा दोघा भावांचंच वाक्य ना?

बाबांना विचारणार होते. पण बंदुकीचा विषय निघाला की ते रेडिओ मोठा करतात, आणि तुमचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जातात. तुम्ही त्यांच्या झोळीत काडतुसांची चुकीची पेटी भरलीत आणि त्यांचा पाय गेला, ही गोष्ट या घरात कुणी सांगत नाही आणि सगळ्यांना माहीत आहे. मी तुमच्यावर कधी रागावले नाही, एवढं मात्र लिहून ठेवते.

बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात, येता हिवाळा निघाला तर निघाला. बत्तीस वर्षांचा अबोला तुम्ही दोघं तसाच बरोबर घेऊन जाणार आहात का, हा माझा दुसरा प्रश्न. पहिल्याचं उत्तर आधी दिलंत तरी चालेल.

तुमची
नेल्डा


न्यूपोर्ट, ओरेगॉन
१४ मे १९८१

पोरी नेल्डा,

पत्र तीनदा वाचलं. फाटकाशी उभा राहून वाचत होतो, तर शेजारीण म्हणाली, "काय हो, लॉटरी लागली का?" म्हटलं, लागली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन मोकळा होतो. तुझा बाप म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. आणि ज्याचा पाय गेला, त्याला पीळ ठेवायचा हक्क आहे. पुढे चल.

एक काडतूस दोन हत्यारांत चालवायचं म्हणजे दोन्ही डगरींवर हात. रायफल असायला हवी त्याहून जरा मऊ मिळते, रिव्हॉल्वर असायला हवं त्याहून जरा जड. हे आधी मनाला पटवून घे, नाहीतर दुकानात गेल्यावर डोकं फिरेल. रायफलीची नळी लांब, म्हणून तेच काडतूस तिच्यातून जास्त जोरात सुटतं. तरी शंभर यार्डांच्या पुढे बघूच नकोस. हॅचेट ओढ्याच्या झाडीत ऐंशी यार्डांपलीकडचं एल्क आम्ही कधी पाहिलंच नाही, त्यामुळे त्याचं दुःख नको. रायफल खटक्याची घे, मुठीखालचा खटका ओढून भरतात ती. तिच्यात काडतुसं नळीखालच्या पोकळीत एकामागे एक बसतात, म्हणून गोळी चपट्या नाकाची हवी. टोकदार असली तर मागची पुढचीच्या बुडाला टोचते, ती आतच उडते आणि मग देवच राखणारा.

आम्ही सुरुवात केली तेव्हा हार्लनची रायफल आणि माझं रिव्हॉल्वर, दोन्हींना काडतूस एकच, चव्वेचाळीस-चाळीस. तंबूच्या खांबाला एकच पट्टा लटकलेला. जो निघेल त्याने मूठ भरून काढून घ्यायची. पट्टा भरला की उरलेली काडतुसं हार्लन रिकाम्या कॉफीच्या डब्यात ठेवायचा. एकदा तुझ्या आईने पहाटे डबा ओळखला नाही आणि सहा काडतुसं किटलीत उकळली. हार्लन म्हणाला, "आज कॉफी बरी झालीय." त्या दिवशी त्याला दुपारचं जेवण मिळालं नाही. मी माझ्यातलं अर्धं दिलं, तेही तिच्यापासून लपवून. तसे दिवस पुन्हा माझ्या वाट्याला आले नाहीत, नेल्डा. इथे समुद्र आहे, मासे आहेत, निवृत्तिवेतन आहे. तसे दिवस नाहीत.

तर माझा सल्ला: तीनशे सत्तावन्नची जोडी घे. हरणाला पुरते, मनगट शाबूत राहतं, काडतूस खेड्यातल्या दुकानातही मिळतं. चव्वेचाळीसच्या वाटेला जाऊ नकोस. कुठल्याही चव्वेचाळीसच्या.

तुझा काका
व्हर्न


कोल्डवॉटर
२ जून १९८१

प्रिय व्हर्नकाका,

तुमचं पत्र खिशात घालून ओडेगार्डच्या दुकानात गेले. तीनशे सत्तावन्न म्हटल्यावर तो हसला नाही, पण त्याच्या मिशा हसल्या. म्हणाला, "बाई, हरणासाठी झकास. पण तुमच्या तळावर लोक घोड्याएवढ्या एल्कसाठी येणार, आणि अस्वल काही मनगट बघून येत नाही." मग त्याने चव्वेचाळीस मॅग्नमची जोडी काउंटरवर ठेवली.

शनिवारी वाळूच्या खाणीत दोन्ही जोड्या उडवून बघितल्या. तीनशे सत्तावन्न गुणी आहे, खोटं नाही बोलत. चव्वेचाळीसची रायफलही खांद्याला काही त्रास देत नाही. रिव्हॉल्वर मात्र असं उसळलं की माझी टोपी मागच्या मागे पडली. कमरेला लावलं तर पट्टा एका बाजूला ओढला जातो. नाकापेक्षा मोती जड. पण सहाव्या बारापर्यंत समोर ठेवलेल्या डब्याला गोळी लागायला लागली. काका, तुम्हाला माझे हात सात वर्षांचे आठवतात. आता मी पिठाची पन्नास पौंडांची गोणी एका खांद्यावर टाकते.

शिवाय ओडेगार्ड सांगतो, सरावासाठी त्याच रिव्हॉल्वरमध्ये मऊ चव्वेचाळीस स्पेशलही चालतं. म्हणजे सोयच.

गंमत सांगते. मी दुकानाचं सूचिपत्र मुद्दाम टेबलावर टाकून ठेवलं. सकाळी बघते तर ते खटक्याच्या रायफलींच्या पानावर उघडं, आणि पानावर कपाचा गोल डाग. मी विचारलं, "बाबा, कुठली बरी?" त्यांनी रेडिओ मोठा केला. गव्हाचे भाव ऐकत बसले, जणू पन्नास एकर पेरलंय.

माझं मन चव्वेचाळीसवर बसत चाललंय. तुम्ही 'कुठल्याही'खाली दोन रेघा मारल्यात आणि कारण एकही दिलं नाहीत. कारण सांगा, नाहीतर मी सोमवारी पैसे भरते.

नेल्डा


न्यूपोर्ट
९ जून १९८१

नेल्डा,

त्या ओडेगार्डला सांग, त्याने मासेमारीचे गळ विकावेत. सरावाला एक चव्वेचाळीस आणि कामाला दुसरं! त्याच्या रिव्हॉल्वरमध्ये दोन्ही जात असतील. पण ज्या तंबूत '४४' लिहिलेल्या दोन पेट्या आहेत, त्या तंबूत घात आहे. कारण हवंय ना? घे.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात मला मिजास चढली. माझं जुनं रिव्हॉल्वर मोडीत देऊन मी नवंकोरं आणलं, चव्वेचाळीस स्पेशल. हार्लनची रायफल चव्वेचाळीस-चाळीसच राहिली. नावाने भाऊ, पण एकाचं काडतूस दुसऱ्याच्या घरात जात नाही. अर्ध्यावर अडकतं आणि खटका मिटत नाही. हार्लनने बघताक्षणी सांगितलं, "हे दुसरं चव्वेचाळीस तळावर नको." मी म्हटलं, "वाचता येतं ना तुला? मग झालं."

नोव्हेंबरातली सकाळ. हार्लन निघायच्या तयारीत. मला ओरडून म्हणाला, "व्हर्न, माझी पेटी झोळीत टाक." मी आत गेलो. पहाटेचा उजेड अजून तंबूत आला नव्हता. दुधाच्या डब्यांचं खोकं ओढलं, त्यावर चढलो, फळीवर चाचपलं. दोन पेट्या. दोन्हींवर ४४. हाताला आली ती उचलली आणि त्याच्या खोगिराच्या झोळीत कोंबली.

रायफलीत तीन काडतुसं होती. दोन एल्कवर गेली. मग बर्फाच्या उतारावर घोडं त्याच्या पायावर कोसळलं. घोडं उठून खालच्या कुरणात निघून गेलं, झोळी तुटून त्याच्याजवळच पडली. त्याच्याकडे एक काडतूस होतं, ते त्याने उडवलं. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे तीन बार म्हणजे धावा. एक बार म्हणजे कुणाला तरी शिकार मिळाली. तो एक बार आम्ही तळावर ऐकला, आणि तुझ्या आईने काळजाबरोबर परतायला कांदा चिरायला घेतला.

बाकीचे दोन बार माझ्या पेटीत होते आणि त्याच्या रायफलीत जात नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला तो सापडला. पाय तोवर गोठला होता.

म्हणून म्हणतो, तीनशे सत्तावन्न घे. तुझ्या म्हाताऱ्या काकाला झोप लागेल.

व्हर्न


कोल्डवॉटर
२८ जुलै १९८१

व्हर्नकाका,

दीड महिना लिहिलं नाही. सात वेळा लिहायला घेतलं आणि सात कागद चुलीत गेले.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा फक्त वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हातातलं काम थांबलं. काका, तुम्ही सहा फूट दोन इंच. त्या तंबूत तुम्ही वाकून चालायचात, आणि तरी आड्याला लागून तुमची टोपी पडायची. आई म्हणायची, "भावजी, तुमच्यासाठी खड्डा खणू का?" ती फळी तुमच्या छातीशी यायची. मग तुम्ही खोक्यावर कशाला चढलात?

खोक्यावर चढणारं त्या तंबूत एकच माणूस होतं.

आता मला ते खोकं आठवतं. त्याची एक पट्टी निघालेली होती आणि मोज्याला खिळा लागायचा. फळीवर हात पोचायला टाचा उचलाव्या लागायच्या, हेही आठवतं. पण ते त्याच सकाळचं की रोजचं, हे मला ठरवता येत नाही, आणि त्याने मी वेडी व्हायची पाळी आलीय. मला आकडे वाचता येत होते. चव्वेचाळीस तर मी आनंदाने वाचलं असणार, दोन सारखे आकडे, सोपे.

बाबांचा पाय माझ्यामुळे गेला का? तुम्ही बत्तीस वर्षं माझ्यासाठी शिव्या खाल्ल्यात का? मी चाळिशीला आलेली बाई आहे, माझ्यावर फुंकर घालू नका. खरं सांगा.

मी अजून काही विकत घेतलेलं नाही.

नेल्डा


न्यूपोर्ट
४ ऑगस्ट १९८१

माझ्या पोरी,

माणसाने खोटं बोलावं तर आपल्या उंचीचं बोलावं. इतकी वर्षं कुणी मला ती गोष्ट नीट सांगायला लावली नाही, म्हणून पकडला गेलो नाही. तू खोक्यावर चढलेली मला इतकी लख्ख दिसत होतीस, की लिहिताना खोकं आपोआप आलं.

खरं सांगतो. हार्लन मला ओरडला, पण मी खेचराचा पट्टा आवळत होतो आणि खेचर पोट फुगवून उभं होतं. मी तुला म्हटलं, "नेल्डा, फळीवरची चव्वेचाळीसची पेटी बाबाच्या झोळीत टाक." तू धावलीस. मला अभिमान वाटला, केवढी कामाची पोर म्हणून. तुला चव्वेचाळीसची पेटी आणायला सांगितलं, तू चव्वेचाळीसचीच पेटी आणलीस. काय चुकलं तुझं? दुसरं चव्वेचाळीस तळावर मी आणलं. सात वर्षांच्या पोरीला काडतूस आणायला मी पाठवलं. झोळी उघडून बघितली नाही, ते मी. यात तुझ्या नावावर काय उरतं, तूच सांग.

त्याला तळावर आणलं तेव्हा तो 'पेटी, पेटी' एवढंच बडबडत होता. तू आईच्या झग्याला धरून उभी होतीस. माझ्या तोंडून निघून गेलं, "पेटी मी भरली." विचार करून बोललो नाही. इस्पितळात त्याच्यासमोर पुन्हा तेच बोललो, तेव्हा मात्र विचार केलेला होता. त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या दाराबाहेरच्या नर्सनेसुद्धा पहिल्यांदाच ऐकल्या असतील. वसंतात मी इकडे निघून आलो.

त्या खोट्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. भाऊ गेला याचं दुःख झालं, रोज झालं. पण ते वेगळं.

एक मागणं आहे. हार्लनला यातलं काही सांगू नकोस. आजारी माणसाला या वयात लेकीबद्दल हे कळायला नको. मला शिव्या देत जाऊ दे त्याला सुखाने. माझं काय जातंय?

तुझा काका


कोल्डवॉटर
२३ ऑगस्ट १९८१

व्हर्न,

माझं अक्षर आता असंच येतं. वाचून घे.

गुरुवारी नेल्डा माझ्यासमोर येऊन बसली, रेडिओ बंद केला आणि म्हणाली, "बाबा, ती पेटी मी भरली होती." मी म्हटलं, "माहीत आहे." तिने हातातलं पातेलं इतक्या जोरात आपटलं की त्याचा कान तुटला. मग तुला आणि मला मिळून गाढव म्हणाली. तिच्या आईचा आवाज तिला पूर्ण आलाय.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बर्फात पडलो होतो तेव्हा झोळी ओढून घेतली. पेटी उघडली, एक काडतूस घातलं, ते अडकलं. दुसरं घातलं, तेही. मग बघितलं आणि कळलं. तेव्हा तुझ्या नावाने काय काय बोललो ते जाऊ दे. पण झोळीत तळाशी मेणकागदाची पुडी होती. आत आल्याची दोन बिस्किटं, आणि वर शिसपेन्सिलीने 'बाबा', एक अक्षर उलटं. तू माझ्यासाठी बिस्किटं गुंडाळणारा माणूस नाहीस, व्हर्न. झोळी कुणी भरली ते मला तिथेच समजलं. एक बिस्किट अंधार पडल्यावर खाल्लं, एक उजाडल्यावर. दुसरं खायचंय म्हणून डोळे उघडे ठेवले, नाहीतर मिटलेच असते. पाय कशाने गेला ते सगळे विचारतात. मी कशाने राहिलो ते कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

इस्पितळात तू येऊन म्हणालास, "पेटी मी भरली." पोरगी तुझ्यामागे दारात उभी होती. तू काय करतोयस ते मला तेव्हाच उमगलं. पहिली शिवी मी तिला ऐकू जावी म्हणून दिली. तुझं खोटं पक्कं बसावं म्हणून. पण पुढच्या शिव्या खऱ्या होत्या. पाय नुकताच कापला होता, कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि तू आयता समोर उभा होतास. त्या मला फार सोप्या गेल्या. त्याचीच लाज वाटत राहिली.

वाटलं होतं, महिन्याभरात तुला एकट्याला गाठून आभार मानू. तू ओरेगॉनला गेलास. पत्र लिहायचं तर कारण लिहावं लागणार, आणि घरात वाचायला शिकलेली पोर. ती मोठी झाली तोवर मला तुझं नाव उच्चारायची सवयच राहिली नव्हती. नाव निघालं की उठून जायचो. तिला वाटायचं, रागाने. रागाने नाही जायचो.

तिने चव्वेचाळीस मॅग्नमची जोडी घेतली. तुझं ऐकलं नाही, बरं केलं. त्या झाडीत मीही तेच घेतलं असतं. ओडेगार्डने सरावाच्या पेटीचा आग्रह केला, ती तिने परत त्याच्या काउंटरवर ठेवली. काल आम्ही दोघांनी बसून पट्टा भरला. रायफल मांडीवर घेतली तेव्हा तुझी फार आठवण झाली.

मला आता पायऱ्या उतरवत नाहीत. नाहीतर मी आलो असतो. तू ये.

हार्लन


न्यूपोर्ट
२७ ऑगस्ट १९८१

हार्लन,

तुझं पत्र आज सकाळी आलं. फाटकाशी उभा राहून वाचलं आणि तिथेच खाली बसलो. शेजारीण धावत आली. तिला म्हटलं, काही नाही, भावाचं पत्र आहे. हे वाक्य बोलून मला बत्तीस वर्षं झाली.

तू मला शिव्या देतोयस या भरवशावर मी इथे बरा जगत होतो. आता काय करावं समजेना. दुपारी जाऊन बसचं तिकीट काढलं. मंगळवारी मिझुलाला पोचतो, तिथून संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे. तोवर मरू नकोस. मरशील तर बघ.

नेल्डाला सांग, बसच्या थांब्यावर न्यायला येऊ नकोस आणि मी आलो की दार उघडायला धावू नकोस. दार तू उघड. आतल्या खोलीपासून दारापर्यंत यायला तुला किती वेळ लागायचा तो लागू दे. मी पायरीवर उभा राहतो.

व्हर्न